बेबीबाईच्या घरी राहिलेल्या अळ्या

मला पाहायला आलेल्या मंडळींनी एकदा विचारलं होतं, "मुलगी नोकरीत नेमकं काय करते?" माझे वडील यवतमाळच्या कचेरीत कारकून, आयुष्यभर शब्द जपून वापरलेला माणूस. ते म्हणाले, "शास्त्रीय स्वरूपाचं काम आहे." मी चहाचा ट्रे खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "अळ्या पाळते." ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. ज्यांनी शेवटी मला करून घेतलं, त्यांनीही पहिली काही वर्षं नातेवाइकांत "लॅबमध्ये असते" एवढ्यावर वेळ मारून नेली. सासूबाई तर मी घरी आले की आधी हात धुवायला लावायच्या, मग पाणी द्यायच्या.

तर हो, मी उभी नोकरी अळ्या पाळण्यात काढली. गावाबाहेर कापसावर संशोधन करणारं आमचं एक लहानसं केंद्र होतं. तिथं मागच्या बाजूला दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत माझं राज्य. लोक कोंबड्या पाळतात, शेळ्या पाळतात, मी गुलाबी बोंडअळी पाळायचे. शेतकरी जिला शिव्या घालतो तिला मी सकाळ-संध्याकाळ जेवू घालायचे. जेवण म्हणजे गव्हाचे कोंब, सरकीचं पीठ, जीवनसत्त्वं आणि सगळं घट्ट व्हायला चायना ग्रास. शिजायला लागलं की शिऱ्यासारखा वास सुटायचा. नवीन आलेला शिपाई एकदा चमचाभर चाखून बसला आणि वरून मला म्हणाला, "साखर कमी झाली, मॅडम."

नुकती जन्मलेली अळी केसाएवढी असते. ती ब्रशच्या टोकावर उचलून त्या जेवणाच्या वडीवर सोडायची, श्वास रोखून, कारण तुमच्या उच्छ्वासानेही ती उडते. ती मोठी होते, गुलाबी होते, कोषात जाते, मग मातकट रंगाचा एवढासा पतंग होऊन बाहेर पडतो. पतंगाला बरणीत साखरपाण्याचा बोळा लावून द्यायचा. बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं. आणि सगळ्या मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण मुंगी. एक मुंगी आत शिरली तर महिन्याभराची मेहनत मातीत. शेजारणी लोणच्याला जपतात तसं मी त्या बरण्यांना जपलं.

दोन खोल्या का, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कपाशीचं जे नवीन बियाणं आलं त्याच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं. अळीनं बोंड कुरतडलं की ती मरते. सुरुवातीची वर्षं ते छान चाललं. मग हळूहळू एखाद-दुसरी अळी ते पचवून जगायला लागली, तिची पिल्लं जगली, त्यांची पिल्लं जगली. निदान आमच्या रेवतीमॅडमचा तसा संशय होता. संशयाला पुरावा लागतो. म्हणून एका खोलीत वावरातून गोळा केलेल्या बोंडांतल्या अळ्या, महागाव, मुकुटबन, बाभुळगाव अशा पाट्या लावलेल्या. आणि दुसऱ्या खोलीत शुद्ध वंश. शुद्ध म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनीसुद्धा ते विष कधी चाखलेलं नाही अशा अळ्या. पिढ्यान् पिढ्या आमच्या खोलीतच जन्मल्या, वाढल्या. दोघींना एकच विष घातलेली वडी खायला द्यायची. शुद्ध मेली आणि वावरातली जगली, तर सिद्ध होतं की वावरातली अळी आता त्या बियाण्याला दाद देत नाही. शुद्ध वंश नसेल तर समोरचा म्हणणार, तुमचं विषच शिळं होतं, म्हणून अळ्या जगल्या. आणि मग सगळं संशोधन केराच्या टोपलीत.

रेवतीमॅडम मूळच्या नाशिककडच्या. आल्या तेव्हा मला वाटलं होतं, बाई उन्हाळा पाहून पळणार. त्या पळाल्या नाहीत, उलट मे महिन्यात टोपी घालून वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तपासत फिरल्या. वऱ्हाडी ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि अजून मागायच्या. रागावायच्या जोरात, पण दोन मिनिटांनी तुमच्याच टेबलावर येऊन चहा प्यायच्या. मी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, पण कामात त्यांना मी मनापासून मानलं, अजून मानते.

ज्या हिवाळ्यात बोंडं वरून हिरवीगार आणि आतून सडकी निघाली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. बोंडअळीचं कपट असं की ती आत शिरते आणि भोक बुजून जातं. माणूस पऱ्हाटीकडे पाहून खुश, आणि फोडलं बोंड की आत कवडी, पिवळा पडून घट्ट झालेला कापूस. एक दिवस बाभुळगावच्या बसमधून उतरून एक बाई डोक्यावर पोतं घेऊन थेट केंद्रात शिरली. पन्नाशीची, सडसडीत, कपाळाला मोठं कुंकू. पोतं मॅडमच्या टेबलावर ठेवलं. आत बोंडं.

"याच्यात पाहा," ती म्हणाली. "अन् मले सांगा, माहं काय चुकलं."

ती बेबीबाई. नवरा दादाराव भला माणूस, पण वावर पाहायची ती. बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या बियाण्याची एक छोटी पुडी येते. ती बांधाकडेनं पेरायची असते, म्हणजे साध्या झाडांवर काही साध्या अळ्या जगतात, त्यांचा विष पचवणाऱ्या अळ्यांशी संकर होतो, होणारी पिल्लं पुन्हा विषाला मरतात आणि विषाचा गुण टिकतो. आमच्याकडे ती पुडी बहुतेक जण फेकून देत. कोण फुकटची जागा अळीला देणार? बेबीबाईनं मात्र दरवर्षी पेरली होती. पाकिटावर लिहिलंय तर पेरायची, एवढं सरळ तिचं डोकं. तरी तिचं वावरही सडलं. तक्रार घेऊन ती दुकानात गेली, तर दुकानदार भर गर्दीत म्हणाला, "बाई, तुमी पुडी पेरली नसन, नाही तं फवारणी चुकवली असन. बियाण्यात दोष नाही." गावातलेही हसले. शेजारची शांताबाई म्हणाली, "वावर बाईमानसाचं काम नोहे." हे सगळं बेबीबाईनं उभ्या उभ्या सांगितलं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

मॅडमनी एक बोंड फोडलं. मग दुसरं. मग म्हणाल्या, "बेबीताई, मला आज उत्तर देता येत नाही. पेरणीच्या आत देईन. तोंडी नाही, दाखवून."

"पेरनीच्या आत," बेबीबाई म्हणाली. "मी येत जाईन विचाराले."

आणि ती यायची. बाजाराला आली की केंद्रात डोकवायची. माझ्या खोलीच्या काचेतून पाहायची. "माह्या वावरातल्या कोनत्या?" मी बरणी दाखवायचे. "लट्ठ झाल्या बापा," म्हणायची, "मलेच खाऊन." मग आम्ही दोघी हसायचो.

मे महिना आला. यवतमाळचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारी कुत्रंसुद्धा गटारीतून उठत नाही. अशात एका सकाळी शुद्ध वंशाच्या खोलीतलं एसी बंद पडलं. मेकॅनिक आला, पाठ खाजवून म्हणाला, पार्ट नागपूरहून येईल, चार-सहा दिवस धरून चला. दुपारपर्यंत खोली तव्यासारखी. पतंग बरणीच्या तळाशी पडायला लागले. मी ओल्या कपड्यांनी वारा घालत होते आणि मला रडू येत होतं, ते मी लपवलंही नाही.

शिपाई म्हणाला, "बाजूच्या खोलीतलं एसी चालू हाये ना, तिथं ठेवा." मॅडम आणि मी एकदमच नाही म्हटलं. बाजूच्या खोलीत वावरातल्या अळ्या. एक पतंग इकडचा तिकडे गेला तर शुद्ध वंश शुद्ध राहत नाही, आणि बाहेरून पाहून ते कोणालाच कळत नाही. दिसायला दोघी सारख्या. मॅडमचं भाड्याचं घर स्लॅबचं, म्हणजे भट्टी. माझ्या घरी कूलर होता, पण आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर त्याच आठवड्यात गेलेला. शिवाय सासूबाई. हॉटेलात खोली घ्यायचं मी सुचवलं, पण तिथल्या रजिस्टरात बरोबर कोण आहे म्हणून काय लिहायचं?

बेबीबाई त्या दिवशी तिथंच होती. खिडकीशी उभी राहून तिनं सगळं ऐकलं.

"कायले इतक्या घाबरून राह्यल्या? माह्या घरी आना," ती म्हणाली. "मातीच्या भिती हायेत, हातभर जाड. मधल्या खोलीत दुपारीबी गोदडी घ्या लागते."

मॅडम म्हणाल्या, "बेबीताई, ही बोंडअळी आहे."

"मले मालूम हाये काय हाये ते. तुमी ह्याइले मरू देल्लं तं माहं काय? मंग मले कोन सांगन माहं चुकलं का नाही?"

आम्ही जीप काढली. बरण्या ओल्या फडक्यांत गुंडाळून मांडीवर घेतल्या. बाभुळगावच्या रस्त्यावर एक खड्डा आला की माझा जीव वर यायचा. खिडक्या बंद, जीपमध्ये घाम, आणि मॅडम ड्रायव्हरला सारख्या म्हणत होत्या, "हळू, अरे हळू, आत लेकरं आहेत." ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

बेबीबाईची मधली खोली खरंच गार होती. शेणानं सारवलेली, झाडून लख्ख, एका कोपऱ्यात फक्त ज्वारीची कोठी. दादारावनं बरण्यांसाठी खाट टाकली, तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, दारावर ओलं बारदान लावलं. मी तिथंच राहिले. त्या घरात माझी जेवढी बडदास्त ठेवली गेली तेवढी माहेरी सोडून कुठं झाली नाही. दादाराव दर तासाला बारदानावर पाणी मारायचा आणि आत डोकावून विचारायचा, "बऱ्या हायेत ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी पतंग बरणीच्या भिंतीवर चढून बसलेले पाहिले तेव्हा मी बेबीबाईला मिठी मारली. ती म्हणाली, "अवो, शेनाचे हात हायेत माहे."

पण गावात गोष्ट लपते होय? तिसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई काहीतरी मागायच्या निमित्तानं आली आणि मधल्या खोलीच्या दाराशी थबकली. दाराच्या चौकटीवर एक पतंग बसला होता. मातकट, एवढासा. बरणीच्या बाहेर.

अर्ध्या तासात ओसरी भरली. बायका, माणसं, सगळे एका सुरात. बेबीबाईनं घरात बोंडअळी पाळली, ती सोडून राह्यली, यंदा आमची कपाशी गेली. एक जण तर म्हणाला, रॉकेल आणा. दादाराव पांढराफटक. बेबीबाई मात्र दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला.

"हायेत माह्या घरात," ती म्हणाली. "म्याच आनल्या. कोनाले आत जाचं असन तं माह्या अंगावरून जा. मॅडम येऊन राह्यल्या, त्याइले विचारा."

मी फोन केलाच होता. मॅडम आल्या तशा कोणाशी न बोलता आत गेल्या. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, त्यांना वेगळीच भीती होती. गावाला वाटत होतं आमचा पतंग बाहेर आला. मॅडमना वाटत होतं बाहेरचा आत आला. आमच्या बरण्यांची फडकी मी दिवसातून कितीदा तपासायचे, पतंग त्यांतून सुटणं कठीण होतं. मग हा आला कुठून?

मॅडमनी बेबीबाईला विचारलं, "ही खोली एरवी कशासाठी वापरता?"

"कापूस ठेवाले," बेबीबाई म्हणाली. "भाव येईलोक. मागच्या आठवड्यातच इकला. झाडली ना म्या चांगली."

मॅडमना कळायचं ते कळलं. आमच्याकडे घरोघर कापूस असाच भरून ठेवतात, भावाची वाट पाहत. लेकरं त्यावर झोपतात, अंगाला खाज सुटते. आणि त्या कापसातल्या सरकीत अळी महिनोन् महिने गप्प पडून राहते, ऊन तापलं की पतंग होऊन निघते. म्हणजे वावरातल्या अळीपासून वाचवायला आम्ही बरण्या घेऊन पळालो, आणि नेमक्या तिच्याच खोलीत आणून ठेवल्या. जिल्ह्यात यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती.

त्यांनी कोठीच्या मागे हात घातला. मूठभर कापूस निघाला, झाडूला न सापडलेला. त्यातून एकमेकांना चिकटलेल्या दोन सरक्या काढल्या आणि ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर फोडल्या. आत गुलाबी अळी, जिवंत, वळवळणारी.

"तुमच्या दारावरचा पतंग या कापसातला आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांनी ज्यांनी घरात कापूस ठेवला, त्या प्रत्येकाच्या घरात असे निघत आहेत. जाऊन पाहा. आमच्या अळ्या तुमचं काही बिघडवणार नाहीत. तुमच्या घरातल्या मात्र माझं सगळं बिघडवू शकतात. खोली मी पसंत केली होती. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चूक माझी."

शांताबाई गेली आणि थोड्या वेळानं परत आली. तिनं हाताची मूठ उघडून आतले पतंग दाखवले. तिच्याही घरात निघाले होते.

त्यानंतर मॅडमनी जे केलं ते मी कधी विसरले नाही. एकेक बरणी उजेडात धरून फडक्याचा काठ पाहिला. एका बरणीचं फडकं एका बाजूला सैल होतं. त्यातून पतंग शिरला असेल असं मला काही वाटत नव्हतं. पण नेमके सगळ्यात जास्त कोष त्याच बरणीत.

"मॅडम, इतकं काही नाही ते," मी म्हटलं.

"सुनंदाताई, तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल, नाही शिरला म्हणून?"

मी नाही सांगू शकले. बेबीबाईनं चुलीवर पाणी ठेवलं आणि मॅडमनी स्वतःच्या हातानं ती बरणी उकळत्या पाण्यात रिकामी केली. त्या रडल्या नाहीत. मी रडले. बाकीच्या बरण्या शांताबाईच्या परसात घरापासून वेगळ्या बांधलेल्या देवघरात गेल्या, कारण गावात कापूस न ठेवलेली तेवढीच एक गार जागा होती. ज्या बाईनं ओसरी गोळा केली होती, तिनंच देव एका बाजूला सरकवले.

पार्ट आला, एसी सुरू झालं, वंश घरी परतला. मग वंश पुढे चालवण्यापुरत्या बाजूला ठेवून आम्ही जेवढ्या अळ्या मिळाल्या तेवढ्यांवर तपासणी लावली. एका ओळीत शुद्ध, दुसऱ्या ओळीत बाभुळगावच्या, महागावच्या, मुकुटबनच्या. सगळ्यांना एकाच पातेल्यातली विषाची वडी. त्या दिवसांत माझं जेवणात लक्ष नव्हतं. शुद्ध ओळीतली एक जरी अळी जगली असती, तरी कोणीही म्हटलं असतं की यांच्या वंशात भेसळ झाली, आणि बेबीबाईला द्यायला आमच्याकडे काहीच उरलं नसतं. ज्यांना मी पिढ्यान् पिढ्या वाढवलं त्या मराव्यात म्हणून मी देवाला हात जोडले. हे विचित्र होतं आणि मला त्याचं वाईटही वाटलं.

मृगाच्या आधी आम्ही बेबीबाईच्या गावाला गेलो. मॅडमनी दोन्ही ओळींच्या वाट्या बरोबर घेतल्या होत्या. ओसरी पुन्हा भरली, तीच माणसं. वाट्या हातोहात फिरल्या. शुद्ध ओळीतल्या वाट्यांत वाळलेले काळे ठिपके. वावरातल्या वाट्यांत गुबगुबीत गुलाबी अळ्या, तेच विष खाऊन माजलेल्या.

बेबीबाईनं एका हातात एक वाटी घेतली, दुसऱ्या हातात दुसरी. आळीपाळीनं दोन्हींत निरखून पाहिलं.

"म्हंजे माह्या घरी राह्यल्या त्या मेल्या," ती म्हणाली, "अन् माह्या वावरातल्या जगल्या."

"हो," मॅडम म्हणाल्या. "इथे राहिलेल्या सगळ्या मेल्या. एकही उरली नाही."

"मंग माही पुडी चुकली नोती."

"नव्हती. तुमची एकटीची पुडी पुरणारी नव्हती, पण चुकली नव्हती."

"फवारनी?"

"तीही नाही. तुमच्या वावरातली अळी या बियाण्याला मरतच नाही, बेबीताई. तुम्ही काहीही केलं असतं तरी मेली नसती."

मला वाटलं आता ही रडेल. मी पुढेही सरकले. पण तिनं दोन्ही वाट्या मॅडमच्या हातात परत दिल्या आणि ओसरीकडे हात केला.

"मले कायले सांगता? मले तं आधीपासून मालूम होतं. त्याइले सांगा."

मॅडम उठल्या. ओसरीकडे तोंड करून, वाट्या वर धरून, त्यांनी ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, बेबीबाईचं नाव घेऊन, सावकाश, अगदी मागच्या माणसाला ऐकू जाईल असं. बेबीबाई चौकटीला टेकून, कान देऊन, एकेक शब्द ऐकत होती. सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "आता बसते मी," आणि पोतं घेऊन केंद्रात आली त्या दिवसापासून पहिल्यांदाच मी तिला आमच्यासमोर खाली बसलेली पाहिली.